भासऱ्यासमोर दिलेलं उत्तर

अमरावतीत एका सर्जनच्या दवाखान्यात मी ड्रेसर आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात. त्यानंतर जे वाहतं, चिघळतं, उघडतं ते माझ्या वाट्याला येतं. बडनेऱ्याहून रोज सकाळी येतो, हात धुतो, ट्रे लावतो आणि एकेकाची पट्टी सोडत जातो. पंचवीस वर्षं झाली या कामाला. हलवायाला पाक वासावर कळतो, तसं मला पट्टी सोडायच्या आधीच कळतं की आत काय होऊन बसलंय.

माझा आवाज मोठा आहे आणि जीभ तिखट. दवाखान्यात नवा पेशंट आला की जुने पेशंट त्याला सांगतात, त्या ड्रेसरशी खोटं बोलू नको, चारचौघांत इज्जत काढतो. काढायचोच. साखरेच्या गोळ्या बंद केल्याचं लपवणारा एकजण होता, त्याच्या पायाची जखम महिनाभर धुतली. त्याला मी वऱ्हांड्यात सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, "डॉक्टर काय तुले पोरगी देऊन राहिले काय बे, तं खोड्या लपवून ठेवल्या?" सगळा वऱ्हांडा हसला, तोही हसला. मला अशा हसण्याची चटक लागली होती, हे आता कबूल करतो.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर प्रत्येकाला तेच ते प्रश्न विचारतात. साखर आहे का, दम लागतो का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, सांधेदुखीसाठी कुणाकडून पुड्या आणून खाता का, तंबाखू, खर्रा, बिडी. लोकांना वाटतं ही नुसती कागद भरायची पद्धत. पण टाके डॉक्टर घालतात आणि जखम शरीर भरतं. शरीराकडे भरायला काही नसलं तर टाक्यांनी काय होणार? साखर रक्तात सापडते. अंगात रक्त कमी असलं तर तेही तपासात दिसतं. तंबाखू मात्र माणसालाच स्वतः सांगावी लागते. तिच्यानं नसा आखडतात आणि जखमेच्या काठापर्यंत रक्त पोचत नाही, जसं पाटाचं पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचत नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांचा नियम साधा होता. घाई नसलेलं ऑपरेशन असेल आणि माणूस तंबाखू खात असेल, तर महिनाभर पूर्ण बंद, मग तारीख. त्यासाठी त्यांनी भल्याभल्यांना परत पाठवलेलं मी पाहिलंय.

हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी जे झालं ते झालं.

माझी मोठी बहीण बार्शीटाकळीपासून पुढे एका खेड्यात दिलेली. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला न्हाऊ-माखू घालणारी, शाळेत नेऊन बसवणारी, मार देणारी आणि मग कुशीत घेऊन रडणारी तीच. तिला मूलबाळ झालं नाही. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला. घर आधीपासून एकत्र, आणि तेव्हापासून ती भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या आधारानं. माणूस भला. तिला कधी उणं बोलला नाही, वाटणीचं वावर तिच्या नावानं ठेवलं. पण त्या घराचा एक कायदा होता: भासऱ्यासमोर भावजय बोलत नाही. पदर नाकापर्यंत, पाठ वळवलेली, आणि काही सांगायचंच असलं तर तिसऱ्याच्या तोंडून. "त्यायले म्हणाव, जेवन झालं." घरात तिसरं माणूस नसलं तर ती भिंतीला सांगायची. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि भासऱ्यानं तिचा चेहरा धड पाहिला नव्हता. आता कुठं कुणी पाळतं असलं? पण बाई पाळायची, आणि त्याचा तिला अभिमान होता.

ती तंबाखू खायची. चौदाव्या वर्षी निंदणाला जायला लागली तेव्हापासून. बायांच्या रांगेत एकीनं मळली की सगळ्यांना चिमूट जायची, भूक मरते म्हणून. मला हे लहानपणापासून माहीत होतं.

गर्भाची पिशवी काढलेल्या जुन्या ऑपरेशनच्या जागी तिच्या पोटाला हर्निया झाला होता. आधी लिंबाएवढा, मग नारळाएवढा. वाकलं की दुखायचं. जीव जाईल असं काही नव्हतं. महिना-दोन महिने सहज थांबता आलं असतं. भासरे तिला अकोल्याला घेऊन आले, तिथून गाडीनं बडनेऱ्याला. मी स्टेशनवर घ्यायला गेलो आणि तिघं मिळून आमच्या दवाखान्यात आलो. वाटेत मी फार फुशारकीत होतो. आमचे डॉक्टर असे, आमचा दवाखाना तसा, बाईची पट्टी मी स्वतः करीन, काळजी कायची?

डॉक्टरांच्या खोलीत भासरे खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. बाई स्टुलावर, पाठ अर्धी भिंतीकडे, पदर नाकावर. मी मध्ये उभा. डॉक्टर विचारायचे, बाई मला ऐकू येईल एवढंच पुटपुटायची आणि मी मोठ्यानं सांगायचो. डॉक्टरांना गंमत वाटली. "दुभाष्या झालास की," असं म्हणालेही.

"साखर?"

"नाई," बाई म्हणाली. "नाही सर," मी म्हणालो.

"तंबाखू, खर्रा, काही?"

या वेळी आवाज आला नाही. पदर डावीकडून उजवीकडे हलला, एवढंच. तिचा हात माझ्या पँटीला लागून होता. तिनं दोन बोटांनी कापड घट्ट धरलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं.

"नाही सर."

डॉक्टरांनी बाईकडे पाहिलंही नाही. "तू सांगतोयस म्हणजे झालं," म्हणाले आणि कागदावर रेघ ओढली.

बाहेर आल्यावर मी तिला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. "काहून खोटं बोलली?"

"भासऱ्यासमोर सांगू काय मी? त्यायच्यासमोर मी जांभई देत नाई, बापू."

"अवं पन जखम भरनार नाई!"

"सोडतो ना. आजपासून सोडतो. आता कापूस फुटाच्या आधी होऊन जाऊ दे. मंग कवा येऊ मी?"

मी स्वतःला सांगितलं, जेवायच्या सुट्टीत डॉक्टरांना एकट्याला गाठू. सुट्टीत डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. संध्याकाळी ते स्वतःच वऱ्हांड्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या बहिणीचं गुरुवारी घेऊ." आजूबाजूला पेशंट होते, सिस्टर होत्या. मी म्हटलं, "बरं सर." गुरुवार पाच दिवसांवर होता. पाच दिवसांत पाचशे वेळा सांगता आलं असतं, आणि दर वेळी तोंडाशी येऊन घास परत जावा तसं झालं.

ऑपरेशन झ्याक झालं. जागा मोठी होती म्हणून आत जाळी बसवली, वर टाके. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर जखम कोरडी, रेघ कशी सरळ. माझा जीव भांड्यात पडला. मी मनात म्हणालो, बघ, उगाच घाबरलास.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्या खाटेशी गेलो, तर तिचा खालचा ओठ फुगलेला. मी नुसतं बोट दाखवलं. तिनं मान फिरवली.

"थूक," मी म्हटलं.

"डोकं फुटून राहिलं बापू. चार दिवस काढले. तुले काय सांगू, भिंती फिरतात."

"थूक म्हन्तो ना!"

हेही मी कुजबुजत म्हणालो, कारण भासरे दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. ज्या वऱ्हांड्यात मी पंचवीस वर्षं लोकांवर ओरडलो, त्याच वऱ्हांड्याच्या दारात माझ्या सख्ख्या बहिणीवर मला ओरडता येईना. संताप एवढा, आणि आवाज मात्र मांजराच्या पावलाएवढा. तिनं गॉजच्या तुकड्यात थुंकलं, मी तो कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला, वरून चार वापरलेल्या पट्ट्या टाकल्या. सिस्टरला दिसू नये म्हणून.

सहाव्या दिवशी सुट्टी झाली. बाई निघाल्यावर मी घरच्या सुनेला, म्हणजे भासऱ्याच्या सुनेला, फोनवर दहा वेळा सांगितलं: तुरीचं वरण दे, अंडी दे, हरभरा दे, पनीर दे, जखम भरायला हेच लागतं. ती "हाव मामाजी, हाव मामाजी" म्हणत राहिली. पण आमच्याकडं काय समजतात? वरणानं जखम पिकते, अंड्यानं पू होतो, वांगं तर नावच नको. हे खेड्यातलं प्रत्येक माणूस आईच्या दुधाबरोबर शिकतं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या आणि माझ्या दहा वेळा सांगण्यावर त्यांच्या एका वेळच्या सांगण्यानं बोळा फिरला. बाईला मऊ भात आणि मुगाचं कढण, तेही पाण्यासारखं. बाई म्हणे स्वतःच म्हणायची, नको बाप्पा, जखम पिकन. पोटात जात नव्हतं तितकी चिमूट वाढली असणार. भूक मरते ना तिच्यानं!

ऑपरेशनच्या नवव्या दिवशी मी रजा काढून तिच्या गावी गेलो. अकोल्याला उतरलो, तिथून बस, पुढं ऑटो. दुपारचे दोन वाजले असतील. घरात शिरताच सून म्हणाली, "लय चांगल्या हायेत आता, ताप तेवढा संध्याकायी येते." मी पिशवी उंबऱ्यातच टाकून आत गेलो.

बाई आतल्या खोलीत निजली होती. खोलीत उदबत्ती लावलेली. उदबत्तीच्या खालून मला तो वास आला. मी त्याला पंचवीस वर्षं ओळखतो. दुसऱ्याच्या घरात शंभरदा ओळखला असेल. वाटलं, नाक खोटं ठरो.

"आला काय बापू," ती म्हणाली. चेहरा उतरलेला, डोळे चकाकत होते.

मी हात धुतले. पुन्हा धुतले. पट्टी ओली होती, पोटाला चिकटलेली. सलाइन टाकून हळूहळू सोडवली. रेघ जिथं सरळ होती तिथं मधोमध काठ काळानिळा पडला होता, शेंगदाण्याच्या करपलेल्या सालीसारखा. बाजूला कातडी तांबडी, गरम, ताणलेली. मी एका बोटानं अलगद दाबलं, तर दोन टाक्यांच्या मधून पातळ, मातकट पाणी आलं, आणि मग येतच राहिलं.

"चांगली हाये ना?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं. "पन एकदा डॉक्टरले दाखवून घेऊ."

गावातल्या एकाची गाडी केली. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, भासरे पुढं. मूर्तिजापूरच्या पुढं तिला थंडी भरली आणि दात वाजायला लागले, तेव्हा भासऱ्यांनी न वळता आपलं उपरणं मागं दिलं.

डॉक्टरांनी पाहिलं, तीन टाके तिथंच काढले. आत जाळी दिसत होती, चिखलात पडलेल्या मच्छरदाणीसारखी. त्यांनी दोन-तीन वेळा कागद उलटापालटा केला. "साखर बरोबर. रक्तही ठीक होतं. दमा नाही. वजन बेताचं. मग काठ असा कशानं मेला?" ते मला विचारत नव्हते, स्वतःला विचारत होते. भासरे कोपऱ्यात उभे. बाई टेबलावर आडवी, तापातही पदर तोंडावर ओढलेला.

मला वाटतं मी गाडीतच ठरवलं होतं. किंवा नसेलही. तोंडून निघून गेलं. "सर, ती तंबाखू खाते. चौदाव्या वर्षापासून. इथंही खाल्ली, ऑपरेशननंतर. मला माहीत होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"मलेई माहीत होतं," कोपऱ्यातून आवाज आला. भासरे टोपीकडे बघत बोलत होते. "घरच्या बाया खातात. बाजारातून पुडा मीच आनतो, कोनाड्यात ठेवून देतो. सरला की आनतो. पन इचारलं तिले होतं. भावजयीबद्दल मी कसा बोलू डॉक्टरसाहेब, ते बरं दिसते काय?"

मग बाईनं पदर मागं सारला. सगळा, केसांपर्यंत. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. भासऱ्यांनी मान खाली घातली, पण ती त्यांच्याकडेच बघत होती.

"तुमाले ठाव होतं?" ती म्हणाली. थेट त्यांना.

"हाव."

"सारे दिवस?"

"हाव ना."

"मंग मी कोनापासून लपवत होती वं माय!" ती म्हणाली, आणि मग डॉक्टरांकडे वळली. "खातो साहेब मी. आता सांगतलं तं चालन काय?"

डॉक्टर चांगला माणूस. तिचा हात धरून म्हणाले, "चालेल. बरं केलंत." माझ्याजवळून जाताना मात्र हळू आवाजात म्हणाले, "नुसत्या तंबाखूनं होतं असं नाही. पोटात अन्न नाही, जखम एवढी मोठी, आत जाळी. सगळं मिळून होतं. पण एक महिना थांबलो असतो रे. एवढंच तर करायचं होतं."

दुसऱ्या दिवशी जाळी काढली. पोट उघडंच ठेवावं लागलं. त्यानंतर अकरा दिवस मी तिची पट्टी केली, दिवसातून दोनदा, आणि दर वेळी काठ आदल्या वेळेपेक्षा मागं सरकलेला दिसायचा. आता तिला अंडी चालत होती, वरण चालत होतं, सगळं चालत होतं. पण घास गिळायची ताकद उरली नव्हती. ताप उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा. आधी लघवी कमी झाली, मग पाय सुजले. मला पुढची पायरी माहीत होती, त्याच्या पुढचीही. माहीत असणं हा शाप असतो, हे त्या अकरा दिवसांत कळलं.

आणि त्या अकरा दिवसांत ती दोघं बोलत होती. भासरे खाटेशेजारी स्टूल घेऊन बसायचे. गुरं कशी आहेत, विहिरीला पाणी किती राहिलं, तिचा नवरा लहानपणी चिंचेवरून पडला होता तेव्हा काय झालं, कोणत्या वर्षी तूर जळाली. बाई हसायची, हसताना पोट धरायची. एकदा ते म्हणाले, "तुह्या हातची भाकर पातय असते, मले जाड आवडते." ती म्हणाली, "छत्तीस वर्सं काहून नाई सांगतलं?" ते म्हणाले, "कोनाजवळ सांगू?" मी पट्टीचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. मला इतका राग आला, इतका राग आला! कोणाचा ते मला आजही सांगता येत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी साडेनऊला ती गेली. तिला न्यायच्या आधी मी पोटाची पट्टी बदलली. सिस्टर म्हणाली, आता कशाला? मी म्हटलं, ओली आहे.

गाडी यायला वेळ होता. भासरे दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ बसलो. ते समोरच्या चहाच्या टपरीकडे बघत होते. मग सरळ म्हणाले, त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"ती माह्यासमोर बोलू शकत नव्हती. मी तिच्याबद्दल बोलू शकत नव्हतो. तुले तं बंधन नव्हतं. तू तं याच दवाखान्यातला मानूस. तू काहून नाई बोलला?"

मी सांगू शकलो असतो की तुमच्यासमोर तिची लाज राखायची होती. सगळ्यांना मी तेच सांगितलं आहे, घरी, डॉक्टरांना, शेजारी. त्यांनाही तेच सांगायला तोंड उघडलं.

"लाज वाटली," मी म्हणालो.

"तिची?"

आत वऱ्हांड्यात माझे पेशंट पट्टीसाठी रांगेत बसले होते.

"नाई," मी म्हणालो. "लोकांवर तंबाखूसाठी ओरडतो मी इथं. माह्या घरची निघाली असती तं हसले असते सारे."

त्यांनी मान हलवली, जसं काही त्यांना हेही आधीच माहीत होतं, आणि टोपी घालून गाडी आली का ते बघायला उठले.